जुन्या लॅपटॉपची तपासणी

माझ्या काकांचा, म्हणजे नानांचा, सावद्याला केळीचा धंदा. त्यांच्या जुनाट लॅपटॉपवर मी नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसलो, तर ती अडूनच बसली. म्हणे हे मशीन माझ्या लायकीचं नाही. माझं डोकं फिरलं. मशीनची तपासणीच वगळायची युक्ती इंटरनेटवर शोधली, त्या सिस्टिम बाईसाहेबांना गंडवलं आणि नानांसमोर मिशांवर ताव दिला.

तासाभरात सगळं चढलं. मग कळलं, वायफाय लागत नाही, आवाज येत नाही, टचपॅड ढिम्म. मी लॅपटॉपला शिव्या घालू लागलो.

नाना खुशीत हसले. "कायले चिडू राहिला? आम्ही बी ट्रकात वरतून चांगले घड रचतो, माल पास होतो. दिल्लीत गाडी खाली झाली का व्यापाऱ्याचं तोंड अस्संच होतं."