बाबांचं बोट आणि चार्जर

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर बाबांचा उजवा हात निम्माच परत आला. घास तोंडापर्यंत जायचा, पण सदऱ्याचं बटण लागायचं नाही. सगळी नोकरी त्यांनी फॅक्टरीत लेथ मशीनवर काढलेली. केसाएवढा फरक बोटाला कळतो, असं ते कौतुकाने सांगायचे. त्याच बोटांकडे आता ते परक्या माणसाकडे पाहावं तसे पाहत बसायचे.

घरी आम्ही दोघंच होतो. दिवसा देखभालीला ठेवलेल्या एक दीदी त्यांच्याजवळ बसायच्या आणि संध्याकाळी मी ऑफिसातून आले की त्या जायच्या. मग स्वयंपाक, औषधं, त्यांचं अंग पुसणं, हाताचा व्यायाम. दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत स्कूटी लावून घराच्या पायऱ्या चढताना मी रोज क्षणभर भिंतीला टेकत असे. वर गेलं की पुन्हा बसायला मिळायचं नाही.

डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू बाबांना आवडायचा नाही. त्यांचा खरा व्यायाम म्हणजे फोन. अमरावतीला राहणाऱ्या काकाला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, रोज सकाळी स्वतःच्या बोटाने फोन लावायचा, हा त्यांचा हट्ट. काकाच्या फोटोवर बोट ठेवायचं, मग हिरवं बटण. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरातून ओरडून बोलावलं होतं. जबलपुरात दिवसभर हिंदीच कानावर पडते, माझी मराठीही ऑफिसात निम्मी झालेली. काकाशी बोलताना मात्र बाबा थेट त्यांच्या गावच्या बोलीत शिरायचे. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. तेवढ्या वेळात मला काही विचारलं जायचं नाही.

एका सकाळी बाबांच्या फोनसोबत आलेला चार्जर जळका वास सोडून बंद पडला. ऑफिसातून येताना मी बाजारातल्या फुहाऱ्याजवळ स्कूटी थांबवली आणि पहिल्या दिसलेल्या दुकानात सोबत नेलेला त्यांचा फोन पुढे केला.

"भैया, इसमें लगेगा ऐसा चार्जर."

"ये लो दीदी, सबमें लगता है."

पिन बसली, बॅटरीचं चिन्ह हललं. मी घेऊन आले. भाजी घ्यायची राहिली होती, बाबांच्या गोळ्या संपल्या होत्या. चार्जरकडे दुसऱ्यांदा बघावं असं डोक्यात आलंच नाही.

नव्या चार्जरवर फोन फार हळू भरायचा. त्यामुळे तो सदानकदा तारेला लावलेलाच असायचा, आणि बाबा पलंगावर तसाच वापरायचे. थोड्याच दिवसांत घोटाळे सुरू झाले. काकाला लावलेला फोन दीदींना जायचा. एकदा भल्या सकाळी माझ्या साहेबांना गेला. एकदा काकानेच मला विचारलं, "दादा हे काय पाठवून राह्यला? नुसते 'क क क क'. बरा आहे ना तो?"

मी बाबांना विचारलं. त्यांनी फोन उशीखाली सारला.

"बोट ऐकून नाही राह्यलं," ते म्हणाले. "एकीकडे ठेवतो, दुसरीकडे पडते."

"आज थकला असाल."

"थकलो नाही. हात जाऊन राह्यला, बाई. आधी निम्मा गेला, आता बाकीचा."

त्यानंतर त्यांनी फोन मागणं सोडलं. काकाचा फोन आला तर दीदी त्यांच्या कानाला लावून द्यायच्या आणि ते 'हो', 'बरं', 'ठेवतो' एवढंच बोलायचे. चेंडूही पलंगाखाली गेला. घास डाव्या हाताने खायला लागले. मी उजवा हात धरून पुढे केला की म्हणायचे, "काहून त्याच्यामागं लागली?"

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. पायऱ्या उतरवताना शेजारच्या दोघांना बोलवावं लागलं. डॉक्टरांनी हात दाबायला लावला, बोटं उघडायला लावली, नाकाला बोट लावून दाखवा म्हणाले.

"ताकत तो वैसी ही है," ते मला म्हणाले. "बल्कि थोड़ी अच्छी है. इन्होंने करना छोड़ दिया है क्या?"

बाबांनी हात मांडीवर ओढून घेतला. येताना रिक्षात म्हणाले, "त्याले काय कळते. मले माहीत आहे न माझं बोट."

मला डॉक्टरांचंही पटलं होतं आणि बाबांचंही. त्या दिवसांत मी दोन विरुद्ध गोष्टी सहज खऱ्या मानू शकत होते, कारण एकीवरही नीट विचार करायला डोकं रिकामं नव्हतं. घरी आल्यावर त्यांना झोपवलं, आणि चहा ओट्यावर तसाच विसरून खुर्चीत बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

कळलं ते एका रविवारी दुपारी. काकाच्या नातीच्या साखरपुड्याचं बोलणं चाललं होतं आणि मला काकाला काहीतरी विचारायचं होतं. माझा फोन सापडेना, म्हणून बाबांचा घेतला. तो तारेला होता. काकाच्या फोटोवर बोट ठेवलं तर पडदा आपोआप वर सरकला आणि दुसरंच नाव उघडलं. मागे गेले तर कॅमेरा सुरू झाला. पुन्हा प्रयत्न केला. माझ्या धडधाकट बोटाखाली पडदा थरथरत होता आणि मी हात उचलल्यावरही आपला आपण अक्षरं छापत होता.

मी तार काढली. पडदा शांत झाला. काकाचा फोटो, हिरवं बटण, सगळं जागच्या जागी. तार लावली, पुन्हा तेच.

"बाबा, हे बघा."

"मले नाही पाह्यचं."

"बघा तर. हे माझं बोट आहे. तुमचं नाही."

मी तार लावून दाखवलं. ते उठून बसायला धडपडले तशी मी पाठीमागे उशी दिली. मग तार काढून फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. बोट पुढे यायला बराच वेळ लागला. फोटोवर टेकलं. हिरव्या बटणावर टेकलं. पलीकडून काकाचा आवाज आला, "दादा? तूच लावला काय?"

बाबांनी फोन माझ्याकडे सरकवला. फोन मीच उचलला आणि काकाला म्हटलं, जरा वेळाने करते. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"एवढे दिवस," ते म्हणाले, "मी उगाच..."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून सुटल्यावर मी बाबांचा फोन आणि जुना, जळका चार्जर पर्समध्ये घालून बाजारात गेले. जुन्यावरची बारीक अक्षरं डोळ्यांना दिसत नव्हती म्हणून त्याचा फोटो काढून मोठा करून वाचली होती. नऊ व्होल्ट, दोन अँपिअर, म्हणजे अठरा वॉट. फोनच्या कंपनीलाही दुपारी विचारून घेतलं होतं. पलीकडच्या मुलीने सांगितलं की हलक्या चार्जरमधून वीज स्थिर येत नाही म्हणून पडदा भरकटतो, आणि हा फोन अठराच घेतो. त्याहून मोठा चार्जर चांगला असेल तर नुकसान नाही, पण फायदाही नाही. आणि तार त्याच ताकदीची हवी, नाहीतर चार्जर कितीही चांगला असून उपयोग नाही.

पहिल्या दुकानदाराने माझ्यासमोर पासष्ट वॉटचा ठेवला. "रॉकेट है दीदी." हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा हलका. मागे सरकारी मानकाचा शिक्का नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. ठेवून दिला. दुसऱ्याने म्हटलं, "बिल नहीं मिलेगा, चलो गारंटी मेरी." तिथूनही निघाले. पाय दुखत होते, बाबांना जेवायला वाढायची वेळ टळत होती आणि दीदींचे दोन फोन येऊन गेले होते. हातात येईल तो उचलून घरी जावं, असं फार वाटत होतं. पण आधीच्या वेळी मी तेच केलं होतं.

तिसऱ्या दुकानात फोनच्याच कंपनीचा अठराचा चार्जर होता, सीलबंद डब्यात, बिलासकट. मी म्हटलं, "लगाकर देखूँगी." दुकानदार तो लावून देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी काउंटरला टेकून पडद्यावर बोट फिरवत राहिले. वर, खाली, आडवं. काकाचं नाव उघडलं, बंद केलं. अक्षरं छापली, पुसली.

"दीदी, चार्ज हो तो रहा है. अब क्या देख रही हैं?"

"उँगली देख रही हूँ," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. मला समजावून सांगायची ताकद नव्हती. तार वेगळी घ्यावी लागेल म्हणाला, तीही घेतली, आणि तीसुद्धा तशीच लावून पाहिली.

घरी फोन पटापट भरू लागला आणि पडदा तारेवरही शांत राहिला. बाबांनी पुन्हा काकाला फोन लावायला सुरुवात केली. चेंडू मी पलंगाखालून काढून धुऊन ठेवला. तो मात्र त्यांनी कधी मनापासून घेतला नाही.

एवढ्याने सगळं ठीक झालं असं म्हणता येणार नाही. हात निम्माच होता, आणि निम्म्या हाताचं बोट अधूनमधून चुकतंच. कधी काकाच्या शेजारच्या नावावर पडायचं. पण आता तसं झालं की बाबा हाक मारायचे, "बाई, चार्जर पाह्य बरं. पुन्हा बिघडला वाटते."

फोन कितीदा तरी तारेला लावलेलाही नसायचा. तरी मी हातातलं काम ठेवून यायची, चार्जर काढून पुन्हा लावायची, तार झटकायची आणि फोन त्यांच्या मांडीवर द्यायची.

"आता करा."

ते पुन्हा करायचे. दुसऱ्यांदा नाही तर तिसऱ्यांदा लागायचा.