सुधाताईंचं मंजन

हिरावाडीतल्या ज्या इमारतीत सुधाताई राहतात, तिच्या गच्चीवर उन्हाळाभर बाभळीची साल वाळत पडलेली असायची. शेजारी कडुलिंबाची पानं, फोडलेले हिरडे आणि परातीत जाडं सैंधव. इमारतीतल्या बायकांनी कपडे वाळत घालायला गच्चीची दुसरी बाजू आपसूकच धरली होती. कुणाची तक्रार नव्हती, कारण त्या परातीतलं मंजन शेवटी सगळ्यांच्याच घरी जायचं.

सुधाताईंचं माहेर येवल्याचं. लहानपणी राखुंडीनं दात घासलेले, मग लग्न होऊन नाशिकला आल्यावर ट्यूबमधली पेस्ट. मुलगी स्वरदा पोटात असताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा सासूबाईंनी बाभळीची साल उकळून गुळण्या करायला लावल्या. ते थांबलं. तेवढ्यावर त्यांनी हा नाद धरला. साल, हिरडा, लवंग, तव्यावर फुलवलेली तुरटी, मीठ असं एकत्र करून त्या आपल्यापुरतं मंजन करायच्या. पुढे स्वरदा नोकरीसाठी पुण्याला गेली, घर रिकामं झालं आणि हा नाद वाढला. स्वरदा म्हणाली, आजकाल लोकांना पावडर नको, पेस्ट लागते. मग खोबरेल तेलात चूर्ण खलून, चिमूटभर खायचा सोडा आणि पुदिन्याचा अर्क घालून त्यांनी पेस्टही केली. नाशिकच्या थंडीत ती बरणीत दगडासारखी व्हायची आणि एप्रिलात तेल वर तरंगायचं. त्यावर त्यांना शेवटपर्यंत तोड सापडली नाही.

चूर्ण मात्र त्या वस्त्रगाळच करायच्या. भरड राहिलं तर दातांवर चरे पडतात, हे त्या प्रत्येकीला सांगायच्या. कुणी किडलेली दाढ घेऊन आली तर म्हणायच्या, "याचा त्याला उपयोग नाही. आधी दाताच्या डॉक्टरकडे जा, मग माझ्याकडे ये." हे मुद्दाम सांगायला हवं. त्या कुणाला फसवत नव्हत्या. कॉलनीतल्या देवळाच्या सभागृहात त्या बायकांना मंजन शिकवायला लागल्या, तेव्हा पहिल्यांदा लोक त्यांना त्यांच्या नावानं ओळखू लागले. त्याआधी सगळ्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, त्या नुसत्या 'बाळाजी गुरुजींच्या मंडळी' होत्या.

बाळाजी गुरुजी म्हणजे त्यांचे यजमान. रामकुंडावर तीर्थविधी करायचे. श्राद्ध असो, अस्थिविसर्जन असो, बाहेरगावाहून येणारी माणसं त्यांनाच शोधत यायची, ती त्यांच्या आवाजासाठी. गंगेवरच्या गलबल्यात दहा जण एकाच वेळी संकल्प सांगत असले तरी गुरुजींचं अक्षर न् अक्षर वेगळं ऐकू यायचं. उच्चाराच्या बाबतीत ते फार कडक होते. शिकायला येणाऱ्या एखाद्यानं 'श' आणि 'ष' एकसारखा म्हटला तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे. तंबाखू नाही, सुपारी नाही. बायकोच्या मंजनाला ते 'तुझा उद्योग' म्हणायचे, पण रोज दात त्यानंच घासायचे. वयाच्या मानानं त्यांचे दात देखणे होते.

एका श्रावणात, सोमवारच्या उपासाची खिचडी खाताना त्यांच्या दाताखाली खडा आला. डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचा आतला टवका उडाला. दुखलं काहीच नाही, म्हणून त्यांनी पाणी पिऊन विषय सोडून दिला. पण टवका उडालेल्या जागी धारदार कोपरा राहिला होता. ज्या माणसाची जीभ दिवसभर चालते, त्याची जीभ दिवसभर त्या कोपऱ्यावर घासत राहिली. थोड्याच दिवसांत जिभेच्या कडेला एक लालसर व्रण दिसायला लागला.

सुधाताईंनी सांगितलं, "जरा कुठे दाखवून येता का? ती दाढ लागत असेल."

"पितृपक्ष तोंडावर आलाय. तोंड उघडून बसायला आत्ता वेळ आहे का मला? तुझं लवंगेचं तेल दे. त्यानं बरं वाटतं."

सुधाताईंनी तेल दिलं. हळद-मध लावला, जाईचा पाला चावायला दिला, तुरटीच्या गुळण्या करायला लावल्या. लवंगेनं जीभ बधिर व्हायची आणि गुरुजी सकाळभर विधी सांगू शकायचे. व्रण एखाद्या आठवड्यात फिका दिसायचा, पुन्हा लाल व्हायचा. फिका दिसला की सुधाताईंना हुरूप यायचा. इतक्या वर्षांत त्या माणसानं आपणहून त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. आता ते रोज संध्याकाळी गंगेवरून येऊन खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "सुधा, तेल आण गं." त्या वाटीत कापूस बुडवून जवळ बसायच्या, ते जीभ बाहेर काढायचे. तो दिवसातला सुधाताईंचा सगळ्यात सुखाचा वेळ होता, असं त्यांनी पुढे स्वरदाला सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा स्वरदाला बघवला नाही.

पितृपक्ष गेला. नवरात्र गेलं. डॉक्टरकडे जायचं दोघांच्याही मनात होतं आणि दोघंही दिवाळीनंतर म्हणत होती.

दिवाळीला स्वरदा घरी आली. बाबा चिवडा खात नाहीत, दुधात पोळी कुस्करून खातात, हे तिला पहिल्याच दिवशी दिसलं. लक्ष्मीपूजनाला ते मंत्र म्हणायला बसले तेव्हा तिनं आईकडे बघितलं. 'श्री' म्हणताना त्यांची जीभ अडखळत होती. आईला ते रोज ऐकून कळेनासं झालं होतं.

पाडवा झाल्याबरोबर ती त्यांना गंगापूर रोडवरच्या दाताच्या दवाखान्यात घेऊन गेली. सुधाताईही बरोबर होत्या. डॉक्टर स्वरदाच्याच वयाची होती. तिनं कापडानं जीभ धरून कडेला केली, बोटानं व्रणाच्या खालचा भाग चाचपला, मग मानेवरून हात फिरवला आणि एका जागी थांबली.

"हे कधीपासून आहे?"

"श्रावणापासून," गुरुजी म्हणाले.

"आणि लावत काय होता?"

गुरुजींनी सुधाताईंकडे बघितलं नाही. "घरचंच काहीतरी," ते म्हणाले.

डॉक्टरनं व्रणाचा तुकडा तपासायला पाठवायची चिठ्ठी लिहून दिली. निघताना तिनं आरशात दाढेचा तो कोपरा स्वरदाला दाखवला. "एवढाच होता. घासून गुळगुळीत करायला पाच मिनिटंही लागली नसती. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर दाखवायचाच असतो. दुखो वा न दुखो." ती ओरडून बोलली नाही. उलट हळूच बोलली, आणि सुधाताई तिथल्या बाकावर खाली बसल्या.

तपासणीत कॅन्सर निघाला. तो मानेतल्या गाठींपर्यंत गेला होता. डिसेंबरात ऑपरेशन झालं. अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागली. तिथे मनगटाजवळचं मांस लावलं. त्या तुकड्याला चव नव्हती आणि तो वळतही नव्हता.

पुढे रेडिएशनचे शेक द्यायचे होते. त्याआधी दात तपासायला आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी गुरुजींचं तोंड मोठ्या कष्टानं उघडून बघितलं आणि म्हणाले, "दात फार चांगले राखलेत यांनी. या वयात असे बघायला मिळत नाहीत. काय वापरतात?"

स्वरदाच म्हणाली, "आई घरी मंजन करते."

"छान आहे," डॉक्टर मनापासून म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की ती फुटलेली दाढ आणि तिच्या शेजारच्या दोन काढाव्या लागतील. शेक दिल्यावर काढल्या तर जबड्याचं हाड भरून येत नाही.

शेकांनी तोंडातली लाळ सुकली. आतली कातडी सोलवटून निघाली. दातांना लावायला दवाखान्यातून जेलची ट्यूब मिळाली आणि दुसरं काही तोंडात घालायचं नाही अशी ताकीद. घरी आल्यावर एका सकाळी गुरुजींनी कपाटातून मंजनाची डबी काढली. बायकोला बरं वाटावं म्हणून काढली असावी. बोटावर चिमूटभर घेऊन त्यांनी दातांना लावलं, आणि लवंग-मिठानं आग होऊन ते बेसिनला धरून उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुधाताईंनी त्यांचं तोंड धुतलं. ते खुणेनं सांगत राहिले, काही नाही, काही नाही.

बोलणं पुढे थोडं परत आलं, पण त्यातली अक्षरं गेली होती. र, ल, त, द, न सगळी एकाच ओल्या आवाजात मिसळायची. सुरुवातीला ते सकाळी आसनावर बसून संध्या म्हणून बघायचे. सुधाताई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. 'केशवाय नमः' ओळखू यायचं नाही. ते थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, शिकाऊ लोकांना लावायचे तसं. मग एक दिवस आसन गुंडाळलेलं राहिलं. स्वरदा म्हणाली, "बाबा, मनातल्या मनात म्हणा की." त्यांनी नकारार्थी मान हलवली. अशुद्ध म्हणण्यापेक्षा न म्हटलेलं बरं, असं ते आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आले होते.

विधी करून घेणाऱ्या यजमानांचे फोन येत राहिले. सुधाताई ते उचलून दुसऱ्या गुरुजींचा नंबर द्यायच्या. सिंहस्थाची कामं सुरू होती, सगळी पंचवटी खणून ठेवलेली होती. गेल्या सिंहस्थात गुरुजींना जेवायलाही फुरसत मिळाली नव्हती. या खेपेला कुणी त्यांना विचारायलासुद्धा आलं नाही. आलं असतं तर काय सांगायचं, हाही प्रश्नच होता.

गच्चीवरची साल सुधाताईंनी कचऱ्यात टाकली. मंजनाचं नाव काढलं नाही. पण मंजन थांबलं नाही. त्यांच्याकडे शिकलेली खालच्या मजल्यावरची अंजली आता ते करून विकत होती. तिनं मोबाईलवर फिरवलेली जाहिरात एका बाईनं सुधाताईंनाच पाठवली. लिहिलं होतं: 'दात, हिरड्या, तोंडातल्या जखमा आणि जुनाट फोडांवर गुणकारी. सुधाताईंची मूळ कृती.'

सुधाताई जिना उतरून अंजलीकडे गेल्या. "हे काढून टाक."

"काय झालं ताई? तुम्हीच शिकवलंत ना, तुरटी-हळदीनं तोंड आलेलं बरं होतं म्हणून."

"तोंड आलेलं वेगळं. जखम वेगळी."

"आता लोकांना त्यातलं काय कळणार?"

"म्हणूनच काढ म्हणतेय."

अंजलीला वाईट वाटलं. तिनं काढलं, पण फक्त सुधाताईंचं नाव काढलं. बाकीचं तसंच राहिलं.

पंचवटीच्या बाजारात कुसाबाई नावाची बाई भाजी घेऊन बसते. कळवणकडची. वर्षानुवर्षं मशेरी लावायची. ती सुटावी म्हणून सुधाताईच तिला मंजन फुकट द्यायच्या. तिच्या गालात पांढरा चट्टा आहे आणि ती अंजलीचं मंजन लावतेय, हे कळल्यावर सुधाताई तिच्यासमोर जाऊन बसल्या.

"कुसाबाई, माझ्याबरोबर दवाखान्यात चल. आत्ता चल. भाजी मी उचलायला लावते."

कुसाबाईनं मेथीची जुडी सारखी केली. "नको बाई. डागदर म्हनजे कापाकापी."

"अगं, आधी गेलीस तर कापावं लागत नाही."

"गुरुजी चांगले बोलत व्हते," कुसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हळहळ होती. "लय गोड आवाज. डागदरकडं गेले आन् जीभ घालवून आले. मी बघितलं नाय का? मला नाय जायचं. तुमचं मंजन लय चांगलं हाय, त्यानं गार वाटतं."

सुधाताईंनी लवंगेचं सांगितलं, दाढेचं सांगितलं, उशीर झाल्याचं सांगितलं. लोक थांबून बघायला लागले. कुसाबाई ऐकत होती, मान डोलावत होती, आणि शेवटी म्हणाली, "तुमी लय भोगलं बाई, म्हनून असं वाटतं तुमाला." तिनं मेथीची जुडी सुधाताईंच्या पिशवीत घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्यानंतरही त्या दोनदा गेल्या. तिसऱ्या खेपेला त्यांना लांबून येताना बघून कुसाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. मग त्यांनी त्या वाटेनं जाणं सोडलं.

आता दुपारी गुरुजी खिडकीशी बसतात. मधूनच काहीतरी बोलतात, बराच वेळ बोलतात. कधी जुन्या यजमानाचं नाव असावं, कधी पाण्याचं काही असावं. सुधाताईंना निम्मंअर्धं कळतं. सुरुवातीला त्या पुन्हा विचारायच्या, पण पुन्हा सांगताना गुरुजींच्या मानेच्या शिरा ताणलेल्या बघून त्यांनी विचारणं बंद केलं. आता त्या नुसतं "हो" म्हणतात.

गुरुजी क्षणभर त्यांच्याकडे बघतात. सुधाताईंना कळलेलं नाही, हे त्यांना कळतं. मग ते खिडकीकडे तोंड वळवतात, आणि सुधाताई ताटं धुवायला आत जातात.