पाणी प्यायला लावणारे डॉक्टर

धुळ्याला शिक्षण संपवून मी जळगावला डॉ. वसंतरावांकडे फिजिओथेरपिस्टच्या जागेसाठी गेले, तेव्हा सरांनी एकच प्रश्न विचारला होता. "रुग्णाशी लघवी-शौचाबद्दल बोलायला लाजता का?" मी खरं ते सांगितलं, "लाजते." सर म्हणाले, "उद्यापासून या. लाज जाईल, खरं बोलणं तेवढं सोडू नका."

नेमकं तेच माझ्याकडून सुटलं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे सुकदेवनाना चिंचेच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळे झाले होते. त्यांच्या पाठीवर यंत्राच्या पट्ट्या चिकटवताना मी उत्साहाच्या भरात बोलून गेले, "नाना, आता सगळं बरं होईल." सरांनी मला नानांसमोरच थांबवलं. मला फार राग आला होता, हे आज कबूल करते. खुर्ची ओढून सर नानांना सांगू लागले, "कण्याला बाहेरून सौम्य वीज द्यायची आणि खाली उरलेल्या नसा जाग्या होतात का, ते पाहायचं. उपचार नवा आहे, सगळ्यांना गुण येत नाही. पाय चालतील असं मी म्हणणार नाही. लघवी-संडास ताब्यात आली तरी पुष्कळ."

नाना म्हणाले, "पाय ऱ्हाऊ द्या. आंडेरनं लगीन शे. चार लोकेसमा धोतर वलं व्हयनं ते? मी नही जावाव." मुलीच्या लग्नाला बापच नाही! त्याच दिवशी मी नानांच्या लघवी-शौचाच्या वेळा एका वहीत लिहायला घेतल्या.

काही महिन्यांनी नानांना लघवी आल्याचं कळू लागलं, थोडा वेळ धरवूही लागली. शौचाची सकाळची वेळ बसली. मी आनंदानं वही दाखवली, पण सरांचा वहीवर भरवसा नव्हता. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात, प्रवासात काय होतं ते पाहायला, आम्ही नानांना उचलून अमळनेरच्या एसटीत बसवलं. शेजारी सर स्वतः, मांडीवर पिशवी आणि पिशवीत नानांचं जादा धोतर. नाना आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायले नव्हते, हे सरांनी त्यांच्या सुकलेल्या ओठांवरून ओळखलं आणि गाडी सुटण्याआधी त्यांना बाटलीभर पाणी प्यायला लावलं. "लग्नातही असेच तहानलेले बसणार का?" नाना घाबरत घाबरत प्यायले. धरणगाव मागे पडलं. अमळनेरला उतरल्यावर नाना हळूच म्हणाले, "आते जागा दखाडा." धोतर कोरडं होतं.

नाना लग्नाला गेले, सोबत सर आणि मीही. पंगतीत एक पेला संपवून त्यांनी वाढप्याला पुन्हा हाक मारली, "पाणी आन रे, आखो." मला तिथंच रडू आलं. सर खाली मान घालून जेवत राहिले.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो. हातात लग्नपत्रिका घेऊन घरीच बसून राहणारी माणसं खानदेशात अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांना "पोटभर पाणी प्या, मी सोबत येतो" म्हणणारे सर आम्हाला अजून खूप वर्षं हवे आहेत.