अर्ध्यावर अडकलेली नळी

आमच्या गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत लाकडाची पेनं बनवणारे एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना पेनवाले म्हणतात, मीही तेच म्हणतो. गेली तीस वर्षं माझ्या खिशाला त्यांचंच पेन आहे. दर शनिवारी ऑफिस सुटलं की मी जिना चढतो, निब साफ करून घेतो आणि उभ्या उभ्या चार शब्द बोलून निघतो. उभ्या उभ्याच, कारण त्यांच्या खुर्चीखेरीज त्या खोलीत एकच स्टूल आहे आणि ते वहिनींचं. वहिनींना जाऊन आठ महिने झाले. त्या स्टुलावर कोणी बसत नाही, आणि मला त्यांनी कधी बसा म्हटलं नाही.

लाकडी पेनाच्या पोटात पितळेची नळी असते. लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडायचं, त्यात ही नळी गोंदाने बसवायची आणि मग तुकडा लेथवर चढवून गोल करायचा. पेनवाल्यांचा उजवा हात थरथरतो. लेथवर हत्यार आडव्या पट्टीला टेकलेलं असतं, तिथे थरथर कळत नाही. हातात अधांतरी धरलेल्या नळीला मात्र ती लगेच कळते. म्हणून नळी बसवणं हे पहिल्यापासून वहिनींचं काम. ते दोन्ही हातांनी लाकूड टेबलावर दाबून धरत. वहिनी समोर बसून नळीची दोन्ही तोंडं बटाट्याच्या चकतीत दाबून बुजवत, म्हणजे आत गोंद शिरत नाही. मग सावकाश वाळणारा गोंद लावून नळी फिरवत फिरवत आत सारत.

"तुम्ही नुसतं धरून बसा. तेवढं तरी जमतंय का बघू," असं त्या मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत.

त्या गेल्यावर पेनवाल्यांनी झटपट वाळणाऱ्या गोंदाची बाटली आणली. हात थरथरायच्या आत काम उरकायचं, असा त्यांचा हिशेब. साध्या लाकडावर चार-सहा वेळा निभावलंही.

त्या शनिवारी मी वर गेलो तेव्हा लेथ बंद होता. ते टेबलापाशी उभे होते. हातात काळसर लाकडाचा तुकडा होता आणि त्यातून अर्धी नळी बाहेर आलेली होती.

"अडकली," ते म्हणाले. "नळी तिरकी झाली म्हणून एक श्वास थांबलो. तेवढ्यात गोंदाने पकडलं."

"मग दुसरा तुकडा घ्या."

"दुसरा कुठून आणू, साहेब? हिच्या शिवणयंत्राची फळी आहे ही. बाकीची वाळवीनं खाल्ली. पेन होईल एवढं हेच निघालं."

वहिनी गेल्या त्याच आठवड्यात पेनवाल्यांनी त्यांचे कपडे, चष्मा, शिवणयंत्र, सगळं देऊन टाकलं होतं. डोळ्यांसमोर नको, म्हणून. वाळवी लागलेली फळी तेवढी कोणी नेली नाही. लेक परगावी असते. तिला हे कळलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी काय ठेवलंत?" त्यानंतर दोन महिने तिचा फोन नव्हता. या फळीचं पेन करून देतो, असं त्यांनी तिला कळवलं. उद्या दुपारी ती ते न्यायला येणार होती.

"पकडीने ओढून बघू?"

"ओढलंत तर लाकूड चिरेल आणि मग मला घर सोडून पळावं लागेल. खिडकी उघडा आधी. या गोंदाला ताप सोसत नाही."

त्यांनी कथलाचा डाग द्यायची सळई तापवली आणि नळीच्या तोंडात घातली. हात टेबलाला टेकवला होता, तरी सळई नळीला लागून किणकिणत होती. उग्र वास सुटला. पकडीने नळी जराशी पिरगाळली, हलली नाही. पुन्हा ताप दिला. तिसऱ्या वेळी आत बारीकसा आवाज झाला आणि नळी बाहेर आली. सोबत कडेची तांदळाएवढी कपचीही आली. ती त्यांनी चिमट्याने उचलून कागदावर ठेवली. भोकातला जुना गोंद ड्रिलचं पातं बोटांनीच फिरवून खरवडला.

नवी नळी घेतली. झटपट गोंदाची बाटली उचलली आणि परत ठेवली. खणातून सावकाश वाळणाऱ्या गोंदाच्या दोन ट्यूब काढल्या. झाकणं घट्ट बसली होती, ती मी उघडून दिली.

"साहेब, बसा जरा."

मी इकडेतिकडे पाहिलं. "कुठे?"

"कुठे म्हणजे? माझ्या डोक्यावर बसता का? स्टुलावर."

मी बसलो. स्टूल डुगडुगलं.

"एक पाय आखूड आहे," ते म्हणाले. "ती उजवीकडे झुकून बसायची."

मी उजवीकडे झुकलो. बटाट्याची चकती कापली, तोंडं बुजवली, काडीने गोंद कालवून नळीला लावला. कपची त्यांनी आधीच तिच्या जागी बसवली होती. आता दोन्ही हातांनी त्यांनी लाकूड दाबून धरलं.

"फिरवत फिरवत घाला. वाळायला हा रात्र घेतो, घाई करू नका."

माझा हात काही सराईत नाही, पण नळी गेली. काठाशी काठ जुळला. ते मान खाली घालून जोडाकडे बघत होते.

"झालं गं," ते म्हणाले.

मग त्यांनी वर पाहिलं. समोर मी होतो. त्यांनी फडकं घेतलं आणि काठावर आलेला गोंद पुसत राहिले, पुसायला काही उरलं नव्हतं तरी.

पुढच्या शनिवारी मी विचारलं, "लेक आली होती?"

"आली. कपचीचा जोड काही तिला दिसला नाही. कागदावर आईचं नाव लिहून पाहिलं. चारच्या गाडीने गेली."

"काही म्हणाली?"

"बाबा, वेळेवर जेवता ना, म्हणाली." त्यांनी माझं पेन उघडलं आणि निब उजेडात धरली. "हो म्हटलं."

स्टूल टेबलाशी होतं तिथेच होतं. त्या दिवशी चिकटवायचं काही नव्हतं. मी उभाच राहिलो, आणि निब साफ झाल्यावर जिना उतरलो.