बरकतीनंतर दोन

येमेनच्या डोंगरातला मुक्बिल म्हातारा गावाचा मापाडी. खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला तो कधी 'एक' म्हणाला नाही. 'बरकत!' अशी आरोळी ठोकायची, मग दोन, तीन. एक म्हटलं की रास आटते, असं सगळेच मानत.

मग पाऊस रुसला, वर लढाई पेटली. खळ्यावर कुत्री लोळू लागली. यंदा बंदरावरून मदतीचा गहू आला, तोही तीन घरांत मिळून एक पोतं, वाटेत फाटून सांडलेलं. मापायला मुक्बिललाच बोलावलं.

"काका, हा काय आपल्या रानातला माल आहे? सरळ एक म्हणा की!" शेजारचा नाजी म्हणाला.

"तू तोंड आवर आणि पोतं धर."

मापाड्यानं आपलं शेवटी घ्यायचं, ही रीत. दोन घरांचं झाल्यावर त्यानं पोतं उलटं करून झटकलं. माप निम्मंच भरलं.

नाजी वरमला. "काका, माझ्यातलं घ्या."

"आधी तुझ्या घरातली तोंडं मोज."

घरी डोळ्यांनी अधू झालेली त्याची बायको तकिय्या चादर पसरून बसली होती. मुक्बिलनं माप ओतलं.

"बरकत," तो हळूच म्हणाला.

चादरीचं टोक धरून ती 'दोन' ऐकायची वाट बघत राहिली.