मुलांच्या रेघेवरून

मैदान आखताना फक्कीचा वास आला, की पोलादपूरकडच्या वाडीवरची ती मुलगी आठवते. मुलामुलींच्या एकत्र शर्यतीतून तालुक्याला एकच जण जाणार होता. मुलींची रेघ मी थोडी पुढे मारली होती. ती पहिली आली. "सर, ही शिट्टीच्या आधी सुटली," पोरं म्हणाली. मलाही तोच संशय. तिला मुलांच्या रेघेवरून पळवलं, तरी तीच पहिली. "कायतरी गडबड हाय," पोरं कुजबुजली. मी तिसऱ्यांदा शिट्टी मारली. पोरं धावली, ती सावकाश चालत शेवटी आली नि म्हणाली, "आता बरोबर हाय ना, सर?" मी त्या फेरीत पहिल्या आलेल्या मुलाचं नाव पाठवलं. खरं सांगतो, आजही एखादी मुलगी पहिली आली, की टाळी वाजवण्याआधी मी सुरुवातीच्या रेघेकडे बघतो.