सदतीस नंबरचा आवाज

प्रफुल्लला आमच्या वर्गातले अकरा आवाज काढता येत. म्हणजे अकरा जणांची हजेरी तो एकटा लावू शकायचा, आणि तीही अशी की ज्याची लावली त्याच्या आईलासुद्धा शंका येऊ नये. मॅडम मस्टरमध्ये डोकं घालून नंबर पुकारायच्या आणि शेवटच्या बाकावरून हा कधी सर्दी झालेला बावीस नंबर व्हायचा, कधी मी. माझा आवाज तर तो माझ्यापेक्षा बरा काढायचा. सदाशिव पेठेतला मुलगा 'प्रेझेंट' म्हणतानाही समोरच्यावर उपकार करतो, हे त्याचं निरीक्षण. मला ते झोंबलं होतं, कारण खरं होतं.

तो यवतमाळकडच्या एका खेड्यातला. बिबवेवाडीत गावाकडच्या दोन कामगारांबरोबर एका खोलीत राहायचा. उंच, खांदे पुढे झुकलेले, हसताना तोंडावर हात. पुण्यात येऊन तिसरं वर्ष चालू होतं तरी त्याची भाषा तसूभर बदलली नव्हती. कुणी त्यावरून हसलं की म्हणायचा, "तुमच्या भाषेत मी परीक्षा देतो, झालं ना? बोलू तं द्या मले." आमच्या पाट्या वाचत फिरणं हा त्याचा रविवारचा उद्योग. एका दारावरची सूचना वाचून तो मला गंभीरपणे म्हणाला होता, "घरात या म्हणाचं नसन तं सरळ सांगा ना बे. एवढं शुद्ध काहून लिहता?"

हजेरीबद्दलही त्याचं एक तत्त्वज्ञान होतं. "माणूस दिसलाच पाह्यजे असं थोडीच हाय. आवाज आला म्हणजे झालं." दुसऱ्यांसाठी हे तत्त्वज्ञान. स्वतः मात्र तो कधी गैरहजर नसायचा.

त्याचं कारण मला उशिरा कळलं. आमच्याकडे सेमिस्टर संपत आलं की हजेरी कमी पडलेल्यांची डिफॉल्टर यादी लागायची, आणि वडिलांनी येऊन भेटल्याशिवाय हॉल तिकीट मिळायचं नाही. पुण्यातल्या मुलांचे वडील ऑफिसला जाता जाता सही करून जात. पहिल्या वर्षी प्रफुल्लचं नाव त्या यादीत आलं. त्याचे वडील रात्रभर एसटीने आले, विभागाच्या दारात चपला काढून दीड तास उभे राहिले, आणि आत गेल्यावर न विचारताच म्हणाले, "चुकलं जी मॅडम." प्रफुल्ल हे सांगताना हसला नाही. "पुन्हा बाबाले इथं उभं नाही करणार," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कॉलेज सुरू होताच तो सबमिशनसाठी परतला. खोलीतले दोघं अजून गावीच होते. दोन दिवस कॉलेजात आला, अंग दुखतंय म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: "ताप हाय. माही हजेरी लावशील का बे?" तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने कुणाकडे काही मागितलं होतं. मी विचारलं, "येऊ का बघायला?" तो म्हणाला, "इथवर कायले येतं? गोळी घेतली. जर्नल पूर्ण कर तुह्यं." मला तेच ऐकायचं होतं. माझे सहा प्रयोग लिहायचे राहिले होते.

त्याचा आवाज काढणं सोपं होतं. घोगरा करायचा आणि 'मॅडम'चा शेवट लांबवायचा. पहिल्या दिवशी मागची पोरं खुसखुसली, दुसऱ्या दिवशी सवय झाली. खोटं कशाला सांगू, मला मजा यायला लागली होती.

पाचव्या दिवशी मॅडमनी हजेरी घेताना त्याच्या सदतीस नंबरवर थांबून, मान वर न करता म्हटलं, "प्रफुल्ल, सकाळी तुझ्या वडिलांचा फोन होता. तुझा आवाज त्यांना बरा वाटला नाही म्हणे. मी सांगितलं, रोज येतो, काळजी करू नका. पण घरी फोन करत जा रे जरा."

मी म्हणालो, "हो मॅडम." त्याच्या आवाजात.

मागे हशा पिकला. मॅडम "शांत" म्हणाल्या आणि अडतीस नंबर पुकारला. दुपारी मी मोठ्या फुशारकीने त्याला हे कळवलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "वाचवलं बे." तो त्याचा शेवटचा मेसेज. शनिवारीही मी त्याची हजेरी लावली.

रविवारी खोलीतले दोघं गावाहून आले तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. डेंग्यू होता. सोमवारी गेला.

पंधरा दिवसांनी त्याचे वडील कागदपत्रं न्यायला आले, आणि पुन्हा दारात चपला काढल्या. मी जर्नलवर सही घ्यायला तिथेच उभा होतो. मॅडमनी मस्टर उघडून त्याच्या वडिलांपुढे सरकवलं. काकांनी सदतीस नंबरच्या ओळीवरून शनिवारपर्यंत बोट फिरवलं. एकही दिवस रिकामा नव्हता.

मॅडमनी माझी ओळख करून दिली, "हा त्याचा मित्र." काका मला बाहेर घेऊन आले. "डॉक्टर म्हणे, आठ दिवसांचा ताप होता, आधी आणाले पाह्यजे होतं. मी म्हटलं, आठ दिवस कसा? रोज कॉलेजात तं होता." मग त्यांनीच हिशेब जुळवला. "तापातच येत असन. मले बोलवा लागू नये म्हणून. बाबू, तू होता ना वर्गात? लय थकलेला दिसे का रे तो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. दारात दोन चपला होत्या, हातात माझं जर्नल होतं, आणि जिभेवर खरं आलंही होतं.

"नाही काका," मी म्हणालो. "नेहमीसारखाच होता."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजून उतरलेला नाही.

आता मी हडपसरच्या एका कॉलेजात शिकवतो. हजेरी घेताना दर नंबरला मान वर करतो, चेहरा दिसला तरच पुढे जातो. दहा मिनिटं त्यातच जातात. पोरं म्हणतात, सरांचा चष्म्याचा नंबर वाढलाय. म्हणू देत. सेमिस्टरच्या शेवटी, जर्नलांचे गठ्ठे टेबलावर पडले की सदतीस पुकारताना माझा घसा घोगरा होतो. मी पाणी पितो.

दर दिवाळीनंतर काकांचा फोन येतो. मस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स त्यांनी प्रफुल्लच्या फोटोखाली लावली आहे. गावातल्या शाळकरी पोरांना बोलावून दाखवतात. "तापातही कॉलेज नाही चुकवलं माह्या पोरानं," ते म्हणतात. "हाय ना बाबू?"

"हो काका," मी म्हणतो. गेल्या वर्षी म्हणाले, "तुहा आवाज आयकला का त्याचाच आयकल्यावानी वाटते."